‘वर घे’ म्हणजे नक्की कुठे?

वाचकाचं पत्र

‘रेडिओलॉजीचा कोर्स संपवून आठ महिन्यांपूर्वी मी रुग्णालयात लागले. एक्स-रे रूममध्ये चांगलं जमत होतं. दोन महिन्यांपूर्वी ओटी (ऑपरेशन थिएटर) बघणारे सीनिअर सोडून गेले आणि सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना स्क्रीनवर चित्र दाखवणारं सी आकाराचं एक्स-रे मशीन, माझ्याकडे आला. त्याआधी तीन दिवस मी त्यांच्या मागे उभं राहून बघितलं होतं, तेही अर्धा-अर्धा दिवस. चौथ्या दिवसापासून एकटी. गेल्या आठवड्यात खुब्याच्या फ्रॅक्चरला नेल (हाडात बसवायची सळई) घालायची केस होती. सर्जन सर म्हणाले, “वर घे.” मी मशीन वर उचललं. त्यांना डोक्याकडे हवं होतं. मग लॅटरलला, म्हणजे बाजूने चित्र घ्यायला, फिरवताना ड्रेपला (रुग्णावरच्या निर्जंतुक कापडाला) धक्का लागला, ड्रेप बदलावे लागले, पंधरा मिनिटं गेली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.” इंचार्जना सांगितलं तर ते म्हणाले, “आम्हीही असेच शिकलो.” आता रात्रपाळी असली की दुपारपासूनच पोटात गोळा येतो. मशीनची वायर छोटी असल्यामुळे लॅटरलला मला किरण सोडणाऱ्या ट्यूबच्या बाजूलाच उभं राहावं लागतं, तिथून स्क्रीनही नीट दिसत नाही. अंगावर किती किरण आले ते मोजणारा माझा बॅज अजून आलेला नाही, पुढच्या खेपेला येईल म्हणतात. मी ओटीतून बदली मागू का? की ही माझीच कमतरता आहे?

ता. क. सर मधेच “रेनबो कर” म्हणतात. त्याचा अर्थ कुणाला विचारायची लाज वाटते.’

उत्तर

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहेत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टींना महिना-दोन महिने लागले तरी चालतील, या दोन गोष्टींना नाही.

पहिली, उभं राहायची जागा. ओटीत आपल्या अंगावर येणारे किरण ट्यूबमधून थेट येत नाहीत, ते रुग्णाच्या शरीरावर आपटून विखुरलेले असतात. आणि किरण शरीरात जिथून शिरतात त्या बाजूला हे विखुरणं सर्वांत जास्त असतं. एपी (पुढून-मागून चित्र) घेताना ट्यूब टेबलाखाली ठेवतात ती याचसाठी. विखुरलेले किरण मग जास्त करून जमिनीकडे आणि पायांकडे जातात, मान आणि डोळे त्यातल्या त्यात वाचतात. लॅटरलला हाच हिशोब आडवा होतो. ट्यूबच्या बाजूला जो उभा असेल त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त, चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरच्या बाजूला बरंच कमी. म्हणजे तुम्ही रोज खोलीतल्या सगळ्यांत वाईट जागी उभ्या राहता आहात, आणि तुम्हाला त्यातलं खटकलं काय, तर स्क्रीन दिसत नाही!

वायरचं म्हणाल तर माझा अनुभव असा, की वायर सहसा छोटी नसते. ती हुकावर गुंडाळलेली असते, नाहीतर मॉनिटरची ट्रॉली चुकीच्या कोपऱ्यात लावलेली असते. रुग्ण आत येण्याआधी ट्रॉली कुठे असेल आणि लॅटरलला मी कुठे असेन, हे ठरवून टाका. पायाचं पेडल असेल तर ते वापरा. आणि शॉटच्या, म्हणजे किरण सोडायच्या, वेळी एक पाऊल मागे घ्या. अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथाईवर येतो, त्यामुळे अर्ध्या मीटरवरून एक मीटरवर जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. शिशाचा ऍप्रन फक्त पुढून झाकणारा असेल, तर शॉट चालू असताना मॉनिटरकडे बघायला वळून रुग्णाकडे पाठ करू नका. नवीन माणसाच्या हातून हे हमखास होतं.

दुसरी गोष्ट बॅजची. ‘पुढच्या खेपेला येईल’ हे उत्तर स्वीकारू नका. बॅज तुमचं रक्षण करत नाही हे खरं, पण तुम्ही रोज कुठे उभ्या राहिलात याची नोंद तेवढी एकच आहे, आणि गेल्या दोन महिन्यांची ती कोरी आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये काम करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या भिंगासाठीची मर्यादा वर्षाला १५० मिलिसीव्हर्टवरून (हे किरणांच्या डोसचं माप) थेट २० वर आणली, पाच वर्षांच्या सरासरीने. आधी समजत होते त्यापेक्षा पुष्कळ कमी डोसलाही मोतीबिंदू होऊ शकतो, असं दिसून आलं म्हणून. किरण-सुरक्षा अधिकाऱ्यांना आजच लेखी कळवा की मी अमुक तारखेपासून बॅजशिवाय ओटीत काम करते आहे. तारीख नक्की घाला. बॅज हातात येईपर्यंत सी-आर्मच्या केसला उभं राहणार नाही, हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ही एक बाब अशी आहे की जिच्यावर इंचार्जना वाद घालता येत नाही.

आता ‘कमतरता माझी का?’

तीन अर्धे दिवस मागे उभं राहून बघणं म्हणजे शिकणं नव्हे. एक्स-रे रूममध्ये खोली तुमची असते. दार तुम्ही लावता, रुग्णाला तुम्ही सांगता, वेळ तुमच्या हातात असते. ओटीत तुम्ही दुसऱ्याच्या घरात असता. तिथे कुठे पाय ठेवायचा, कशाला हात लावायचा नाही, कुणाचं ऐकायचं, हे कोर्समध्ये फारसं येत नाही. तेव्हा मोठा वाटा रुग्णालयाचा आहे, यात मला शंका नाही. एक लहानसा तुमचाही आहे, रागावू नका. त्या सकाळी ‘या प्रकारची केस मी एकटीने पहिल्यांदाच करते आहे’ हे तुम्ही कुणालाच सांगितलं नसावं. पत्रात तरी तसं दिसत नाही.

‘आम्हीही असेच शिकलो’ याबद्दल दोन शब्द, कारण हे वाक्य मीही बोललेली आहे. ओटीत २२ वर्षं काढली. मधल्या काळात नवीन मुलं माझ्याकडे शिकायला देत. मी त्यांना शेजारी उभं करायची आणि केस अडली की हँडल त्यांच्या हातातून काढून घ्यायची. चित्र मिळायचं, सर खूश, केस वेळेत. एक मुलगी सहा आठवडे माझ्याबरोबर होती. नंतर तिच्यावर एकटीने केस करायची वेळ आली तेव्हा तिला काहीच येत नव्हतं, कारण जिथे अडायचं नेमकं तिथे तिचे हात रिकामे असायचे. तेव्हा मी तिलाच नावं ठेवली. आज आठवलं की वाईट वाटतं. सांगायचं कारण हे, की तुम्हाला उद्या कुणी ‘बरं, शिकवतो’ म्हणून बरोबर आलं, तर त्यांना आधीच विनंती करा: मशीन माझ्या हातात राहू द्या, तुम्ही फक्त तोंडाने सांगा.

आता तुमच्या त्या ‘वर’कडे येऊ. सगळ्या पत्रात मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटला. तुम्ही वेंधळ्या आहात म्हणून तो घडला नाही. ‘वर’ या एका शब्दाचे ओटीत तीन अर्थ होतात. छताकडे, रुग्णाच्या डोक्याकडे, आणि स्क्रीनच्या वरच्या कडेकडे. त्यात गंमत अशी की मशीन डोक्याकडे सरकवलं की स्क्रीनवरचं हाड पायांकडे सरकतं. त्यामुळे सर मशीनबद्दल बोलत असतील तर ‘वर’ म्हणजे डोक्याकडे, आणि ‘चित्र वर घे’ असं मनात धरून नुसतं ‘वर’ म्हणाले, तर मशीन जायला हवं बरोबर उलट्या दिशेला. त्यांची नजर स्क्रीनवर असते, तुमची चाकांवर. दोघंही आपापल्या जागी बरोबर असता आणि चित्र मात्र चुकतं.

‘फिरव’ची तीच गत. सी आपल्याच गोलाईवरून सरकवता येतो, डोक्याकडे-पायांकडे कलता करता येतो, आणि बैलाने मान हलवावी तसा डावी-उजवीकडे वळवता येतो. या तिन्हींना लोक ‘फिरव’ म्हणतात. स्क्रीनवरचं चित्र नुसतं गोल फिरवायचं असेल तरी ‘फिरव’च. ते शेवटचं तर मशीनला हात न लावता, थांबलेल्या चित्रावरच बटणाने होतं, त्यासाठी नवा शॉट लागत नाही.

यावर मला उमगलेला उपाय साधा आहे. केसच्या आधी, सर हात धुवायला जायच्या सुमाराला, त्यांना विचारा: ‘सर, मी डोक्याकडे, पायांकडे, छताकडे, जमिनीकडे, आत आणि बाहेर असे शब्द वापरले तर चालेल?’ बहुतेक जण हो म्हणतात, काहींना तर हे आवडतंही. मग केसमध्ये त्यांनी ‘वर’ म्हटलं की तुम्ही मोठ्याने म्हणा, ‘डोक्याकडे?’ आणि त्यांचा होकार आला की मगच चाक हलवा. शॉटच्या आधीही ‘एक्स-रे’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. पहिले दोन दिवस आपलाच आवाज आपल्याला फार मोठा वाटतो. मास्कच्या आतून बोलताना तो तेवढाच लागतो.

ड्रेपचा धक्का. इथे नियम माहीत असून उपयोग नसतो, अंदाज हातात बसावा लागतो. टेबलाच्या पातळीखालचं काहीही निर्जंतुक धरत नाहीत. एपीवरून लॅटरलला जाताना सीचं एक टोक खालून वर येतं किंवा वरून खाली जातं, आणि जे खाली जाऊन आलं ते पुन्हा जखमेजवळ नेता येत नाही, मग त्यावर कव्हर असो वा नसो. म्हणून फिरवायच्या आधी स्क्रब सिस्टरना (निर्जंतुक होऊन सर्जनच्या हातात हत्यारं देणाऱ्या) विचारायचं: ‘फिरवते आहे, चालेल?’ त्या कापड धरतील, नवं कव्हर लावतील किंवा ‘थांब’ म्हणतील. ओटीत तुमची खरी शिक्षिका कोण असेल तर ती स्क्रब सिस्टर. त्यांच्याशी गट्टी करा. स्वतः चालताना निर्जंतुक भागाकडे तोंड ठेवा, हातभर अंतर राखा, आणि दोन निर्जंतुक टेबलांच्या मधून कधी जाऊ नका.

पण धक्का लागायचं खरं कारण बहुतेक वेळा आधीच घडून गेलेलं असतं. सी पुरेसा आत गेलेला नसतो, किंवा टेबलाचा खांब मधे येतो, आणि हे कळतं ड्रेप लागल्यानंतर. म्हणून रुग्णाची पोझिशन देऊन झाली आणि ड्रेप लागायचे आहेत, त्या पाच मिनिटांत एक कोरडी फेरी मारून घ्या. किरण न सोडता, एपी ते लॅटरल, लॅटरल ते एपी. कुठे अडतं ते बघा. अडलं तर आत्ताच सांगा, टेबल सरकवता येतं. दोन्ही पोझिशनना चाकं कुठे आहेत तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा, एपीला एका रंगाची, लॅटरलला दुसऱ्या. सीवरच्या पट्टीवरचे अंश लिहून ठेवा. खुब्याच्या केसमध्ये दर काही मिनिटांनी एपी-लॅटरल करावं लागतं. दर वेळी नव्याने शोधलं तर सर चिडणारच, आणि दर वेळी शोधताना जास्तीचे शॉट होणार ते वेगळंच.

हात बसवायला रिकामी ओटी मागा. संध्याकाळची यादी संपल्यावर अर्धा तास, आठवड्यातून दोनदा. टेबलावर गुंडाळलेली चादर ठेवा आणि नुसत्या हालचाली करा. ब्रेक कुठला कशाचा हे डोळे मिटून कळलं पाहिजे. मशीन आणि मॉनिटरची केबल जोडणं, सुरू करणं, रुग्णाचं नाव भरणं, चित्र साठवणं, आणीबाणीचं लाल बटण, हे सगळं त्याच अर्ध्या तासात. किरण सोडायचे झाले तर परवानगी घेऊन, ऍप्रन घालून, फँटमवर (रुग्णाच्या जागी ठेवायच्या नमुन्यावर) किंवा पाण्याच्या कॅनवर. सहकाऱ्याचा हात ठेवून ‘जरा बघू या’ असं कधीही करायचं नाही. काही ठिकाणी हे गमतीत चालतं, मी पाहिलेलं आहे.

आता इंचार्ज. ‘मला शिकवलं नाही’ ही तक्रार झाली, आणि तक्रारीला ‘आम्हीही असेच शिकलो’ हे उत्तर तयारच असतं. त्यांच्यासमोर यादी ठेवा. वहीत लिहून काढा: दोन महिन्यांत कोणत्या केसेस केल्या, किती, कोणत्या अजून पाहिल्यासुद्धा नाहीत. मग असं काहीतरी लिहून द्या:

‘सर, सोबत माझ्या ओटीतल्या केसेसची यादी देत आहे. मांडीचं आणि पायाचं नेलिंग व मुतखड्याच्या केसेस मी केल्या आहेत, त्यात मला एपी-लॅटरल बदलताना अडचण येते. मणक्याची केस मी अजून पाहिलेली नाही. प्रत्येक नव्या प्रकारच्या दोन केसेस बघायला आणि तीन केसेस अनुभवी माणूस शेजारी असताना करायला मिळाव्यात. कोणत्या केसेस मी एकटीने करू शकते याची यादी आपण सही करून द्यावी, आणि तोवर रात्री फोनवर कोण उपलब्ध असेल त्यांचं नाव मिळावं.’

दोन आणि तीन हे आकडे माझ्या अंदाजाचे, तुमच्याकडे केसेस किती होतात त्यावर कमी-जास्त करा. सहीचा मुद्दा मात्र सोडू नका. ‘ही एकटीने करू शकते’ यावर सही करायची म्हटली की माणूस विचार करतो. सीनिअर आता उरलेच नसतील, तर दुसऱ्या शिफ्टमधला कुणीही, किंवा मशीन बसवणाऱ्या कंपनीचा प्रशिक्षक एका दिवसासाठी, असं सुचवा. तेवढ्यानेही हललं नाही तर ओटीच्या इंचार्ज सिस्टरकडे जा. वाया गेलेली पंधरा मिनिटं त्यांच्या यादीतली आहेत, त्यांना हे प्रशिक्षण तुमच्याइतकंच हवं असणार.

मणक्याची केस मी मुद्दाम लिहिली. बाकी ठिकाणी चित्र वाईट आलं तर पुन्हा घेता येतं, वेळ जातो इतकंच. मणक्यात चित्र चांगलं दिसत असूनही चुकीच्या मणक्याचं असू शकतं. कुठून मोजायला सुरुवात केली हे चित्रात यावं लागतं, मणक्याच्या वरच्या-खालच्या कडा एकेका रेषेत दिसाव्या लागतात, दोन-दोन दिसल्या तर कोन चुकलेला असतो. एपीमध्ये मागचा काटा दोन्ही पेडिकल्सच्या (मणक्याच्या दोन बाजूंच्या हाडाच्या खांबांच्या) बरोबर मधे हवा. हे पुस्तकात वाचून ठेवा, पण पहिल्यांदा एकटीने करू नका. कुणी म्हणालं ‘जमेल गं, कर’ तरी नाही.

सरांबद्दल माझ्याकडे फार सांगण्यासारखं नाही. सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. पण त्यांच्या बाजूने बघितलं तर हाडात गाइड-वायर (नेलला वाट दाखवणारी तार) धरून उभ्या असलेल्या माणसाला चित्र मिळत नाही, आणि समोरची मुलगी नवीन आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ साली आली. चीर देण्याआधीच्या थांब्यात सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं, आणि लागणारी चित्रं लावलेली आहेत का हेही विचारायचं असतं. पुष्कळ ठिकाणी हे घाईत उरकतात आणि सी-आर्मवाल्याला तर विसरतातच. तुमचा नंबर आला नाही तर स्वतःहून बोला: ‘मी सी-आर्मवर आहे, या प्रकारची ही माझी दुसरी केस आहे, शब्द परत विचारीन.’ दहा सेकंद लागतात. शस्त्रक्रियेच्या मधे ‘मी नवीन आहे’ म्हटलं तर ती सबब वाटते, सुरुवातीला म्हटलं तर सूचना.

बदलीचं आत्ता ठरवू नका. वरच्या अटींवर पाचेक केसेस होऊ द्यात, कुणीतरी शेजारी असताना. त्यानंतरही दुपारपासून पोटात गोळा येत असेल तर खुशाल एक्स-रे रूममध्ये परत जा, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या ओळखीत उत्तम सीटी करणारे दोघं असे आहेत, जे ओटीचं नाव काढलं की आजारी पडतात. पण लेखी मागणी करूनही बॅज आणि सोबत दोन्ही मिळालं नाही, तर मात्र वाट बघू नका. ओटीतून बदली मागा, आणि कारण अर्जात लिहा.

राहिला रेनबो. सीला त्याच्याच गोलाईवरून सरकवणं, म्हणजे डिटेक्टर रुग्णावरून कमान काढत एका बाजूला जाईल अशी हालचाल. इंद्रधनुष्य डोळ्यांसमोर आणा, लगेच कळेल. बहुतेक जण याच अर्थाने म्हणतात. तुमचे सर कोणत्या अर्थाने म्हणतात ते मात्र त्यांनाच विचारा, कारण मी ज्यांच्याबरोबर सर्वांत जास्त काम केलं ते सर ‘रेनबो’ म्हणून सी डोक्याकडे कलता करून घ्यायचे, आणि हे मला चौथ्या केसला कळलं.